माणशी

शाहूपुरी, चौथी गल्ली, जिन्याखालचं ऑफिस.
जुलैचा शेवटचा आठवडा,
आणि माझ्यापुढं अर्ध्या शहराची खिसेझडती.

साहेबांना यंदा हुक्की आली.
"पोरी, एक तक्ता कर.
ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी, राजारामपुरी,
आपल्या क्लायंटचं माणशी उत्पन्न काढ.
भारी कोण ते एकदा ठरू दे."

मला वाटलं, ह्यात ठरवायचं काय?
ताराबाई पार्क.
तीन गाड्या, दारात ग्रॅनाईट, कुत्र्याला वेगळा डॉक्टर.
फाईल उघडली:
चार लाख ब्याण्णव हजार.
बाकी सगळं उसात.
शिरोळकडं चाळीस एकर, शेतीचं, करमुक्त.
कुत्र्याचा डॉक्टरही त्यातूनच असणार.

राजारामपुरी, आठवी गल्ली.
खाली दुकान, वर बिऱ्हाड, पाच पॅन कार्डं:
बाप,
तोच बाप पुन्हा, एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून,
दोन मुलगे,
आणि ब्याऐंशी वर्षांची काकू,
जिच्या नावावर तीन गाळ्यांचं भाडं आहे
आणि जी मला दरवर्षी विचारते,
"तू कुणाची गं?"

भागाकार करत गेले तसा तक्ता बिघडत गेला.
पहिली आली रुईकर कॉलनी.
तीही एका भाड्याच्या खोलीमुळं,
रेश्मा मुजावर, सीपीआरमध्ये नर्स,
बावीस वर्षं नोकरी, निम्म्या रात्री वॉर्डात.
सगळा पगार कागदावर.
लपवायचा म्हटला तरी कुठं लपवणार?

साहेब चष्मा वर करून म्हणाले, "चुकलंय की गं."
"बेरीज बरोबर आहे, सर."
"बेरीज नव्हं," ते म्हणाले, "शहर चुकलंय,"
आणि चहा सांगितला.

नागाळा पार्क राहिलं होतं.
नेजदारांची फाईल अजून फुगलेली,
पुराचं पाणी कपाटापर्यंत आलं तेव्हाची,
पानं सोडवताना तांबूस गाळ बोटाला लागतो.
विजयमाला नेजदार. उद्यमनगरच्या फाउंड्रीत
पंचवीस टक्के भागीदार.
अठरा लाख चाळीस हजार, एकटीचे.
आमच्या यादीतली सगळ्यात श्रीमंत बाई.

त्या सहीला आल्या. छत्री दाराबाहेर नीट उभी केली.
"किती आहे गं माझं?"
मी स्क्रीन वळवली.
त्या बोट न लावता मोजू लागल्या, ओठातल्या ओठात,
एकं, दहं, शतं,
लाखावर थांबल्या, परत एकंवर आल्या.
"बरं आहे की," म्हणाल्या,
शेजारणीच्या लेकीचा निकाल ऐकल्यासारखं.

ओटीपी गेला.
त्यांचा फोन गप्प.
"तो ह्यांच्याकडं जातो," त्या म्हणाल्या.
ह्यांना फोन लावला, ह्यांनी शिरोलीच्या मीटिंगमधून
सहा आकडे सांगितले,
आणि विजयमाला नेजदार ही व्यक्ती
सरकारदरबारी सिद्ध झाली.

जिन्यात त्या पुन्हा थांबल्या.
गाडी ह्यांच्याबरोबर, बंडा ड्रायव्हर गाडीबरोबर.
पर्स उघडली, मिटली.
"पन्नास रुपये आहेत का गं? रिक्षाला."

मी दिले.
माझ्या रकान्यात दोन लाख सोळा हजार, कर शून्य,
त्यातले पन्नास
नागाळा पार्ककडं चाललेले मी खिडकीतून बघितले.
तक्त्यात त्यांना जागा नव्हती.

एकतीस तारखेला गर्दीत त्या परत आल्या, चालत.
पन्नासची नोट, इस्त्री केल्यासारखी.
सोबत केएमटीच्या तिकिटामागं
पेनानं लिहिलेले दहा आकडे.

"नवं सिम घेतलंय," हळू म्हणाल्या,
"ते ओटीपीचं... बदलता येतं का?"

साहेब आतून ओरडत होते, सर्व्हर बंद पडलाय.
मी खुर्ची ओढली.
"बसा वहिनी," म्हटलं, "वेळ लागंल."
"लागू दे," त्या म्हणाल्या.