अडीच बोटं

चूळ भरायच्या आधी जीभ आपणच जाते
डाव्या गालाच्या आत,
जिथं माझ्याच मांडीची कातडी शिवली आहे.
तिथं केस उगवतात.
डॉक्टर हसून म्हणाले, उगवू द्या, कातडी जगली म्हणायची.
इतकी वर्षं मांडीची मी कधी चौकशीही केली नव्हती.

मग आइस्क्रीमच्या काड्या, एकावर एक, दातांत.
सतरा जातात. अठरावी अडते.
बोटांच्या हिशोबात, अडीच.

एप्रिल लागला. सक्करदऱ्यात माळ्यांवरून कूलर उतरले.
मी ताट्या बदलतो, वाळा भरतो,
पंप बादलीत सोडून कान लावतो.
बेअरिंग गेलं की आवाजात कळतं,
मोटर खोलावी लागत नाही.

निनावे काकू विचारतात, गॅरंटी किती दिवसांची?
पावतीवर लिहितो : तीन महिने.
दवाखान्याच्या कागदावरही तेवढंच असतं,
फक्त तिथं तो शब्द लिहीत नाहीत.

चौकात गुणवंताचा पानठेला.
अजून पन्नीत खर्रा घोटतो, तोच घासल्याचा आवाज.
मला पाहिलं की हात थांबतो त्याचा.
मी पुढं गेलो की पुन्हा सुरू.

या खेपेला सोनोग्राफीवाली पोरगी
मानेवर एकाच जागी परत परत आली.
थंड जेल, थंड खोली, आणि तिचं गप्प बसणं.
आठ मिलिमीटर.
"बहुतेक सर्दीची गाठ असेल," डॉक्टर म्हणाले,
"सहा आठवड्यांनी परत पाहू."

बहुतेक.
हा शब्द मी शर्टाच्या खिशात घालून आणला,
टेस्टरच्या शेजारी.
दिवसातून दहादा हात तिकडं जातो,
म्हणजे मानेकडं. बोट दाबतं, दुखतं,
मग कळत नाही,
गाठ दुखते की दाबून दाबून दुखायला लागली.

कुंदाला सांगितलं, सर्दी आहे.
तिनं काही विचारलं नाही. रात्री हळद घातलेलं दूध ठेवलं
आणि कॅलेंडरच्या मागच्या पानावर,
मी पाहत नाही असं समजून,
सहा आठवडे मोजले.

दीड वाजला. भिंती अजून तापलेल्या.
घरच्या कूलरचा पंप आठवडाभर खरखरतोय.
गावाचे दुरुस्त केले, हा राहिला.
"काऊन जागे हा?"
"काही नाही. पंप ऐकून राह्यलो."
ती उठून बसली.
आता दोघंही ऐकतोय.