केबलची लांबी वजा करताना

गच्चीवर अँटेना, शेजारी मेसच्या कुरडया वाळत.
खाली लॅबमध्ये रुबिडियमचं घड्याळ,
पंखा बंद, त्याला वारा सोसत नाही.

तीस मीटर केबल म्हणजे दीडशे नॅनोसेकंद.
तेवढे आधी वजा करायचे,
मग वरच्याला विचारायचं, किती वाजले.

एक मायक्रोसेकंद चुकला
तर रंकाळा स्टँडवरची रिक्षा
नकाशात थेट तळ्यात.

आण्णा वजनमापे खात्यात होते.
गुजरीतल्या तराजूंना शिक्के मारत फिरायचे,
खोटं वजन हातात घेताच ओळखायचे.
आणि घरी भिंतीवर
पंधरा मिनिटं पुढं लावलेलं घड्याळ.
आई म्हणायची, इथं कोण धाड घालणार?

आज एक उपग्रह घसरतोय.
रात्रभर नोंदी : बारा, चौदा, एकोणीस.
भोकरे जांभई देत म्हणतो,
"आपलंच मागं पडत नसेल कशावरून?"
बरोबर आहे.
खोटं कोण ते सांगायला तिसरं लागतं.
आमच्याकडं दोनच.

अहवालात लिहिलं : फरक आहे. कुणाचा, ते लिहिलं नाही.

घरी आले तर भिंतीवर सव्वासात.
आण्णा गेल्यापासून काट्याला कुणी हात लावला नाही.
सव्वासात,
म्हणजे सात.
चहा ठेवला.