आडवं की उभं

लेक्कोच्या तलावाकाठी, एकाच गॅरेजात
एर्मेस आणि ओरेस्तेचं तीस वर्षांचं भांडण :
हे व्ही-ट्विन आडवं बसवलंय की उभं?

एर्मेस हात ठेवायचा सिलिंडरांवर,
टाकीखालून दोन्हीकडे निघालेल्या,
थंडीत गुडघे शेकणाऱ्या.
"दिसत नाही? आडवं."

ओरेस्ते क्रँकचं बोलायचा.
तो चाकांच्या रेषेत.
"म्हणून उभं. नाव कण्यावरून ठेवतात,
हातांवरून नाही."

परवा दवाखान्यात
एर्मेसचे हात दोन्हीकडे पसरलेले, सलाइनला बांधलेले.
ओरेस्ते संत्रं सोलत होता.
"आता बोल. मी कसा बसवलाय?"

संत्रं संपलं.
ओरेस्तेनं वाकून खाटेच्या चाकांचे ब्रेक काढले
आणि खाट फिरवली,
खिडकीत घाटाचा रस्ता नेमका समोर येईपर्यंत.