खिळा

अक्कलकोट रोड, एमआयडीसी.
तिसऱ्या दिवशीही राख आतून कोमट.
पायात बूट आहेत, तरी तळव्यांना कळतं
कुठं टॉवेल जळलाय आणि कुठं नुसती चिंधी.

टॉवेल घडीघडीनं जळतो.
डझनाचा गठ्ठा बाहेरून कोळसा होतो,
आत पिवळट गाभा राहतो, जुन्या वहीसारखा,
हळू हातानं पान पान उलटता येतं.
स्टॉक रजिस्टरात चार हजार डझन.
इथं खाली एकही पान नाही.

मालक म्हणाले, शॉर्टसर्किट.
सगळे तेच म्हणतात. विजेला वकील नसतो.
मेन स्विचपासून वायर बोटांत धरून चाललो,
तांब्यावर ठिणगीचा मणी सापडतो का बघत.
शेवटपर्यंत गुळगुळीत.

पंच दोन. एक रिक्षावाला,
नाव विचारलं तर आधी परमिट दाखवलं.
दुसरा समोरच्या हॉटेलातला इरण्णा हत्तुरे,
नाकाला टॉवेल लावून उभा,
याच कारखान्याचा, कोपऱ्यात मोराचा छाप.
"साहेब, मला सही तेवढी येते. बाकी तुम्ही बघा."

फरशीचे टवके उडालेत
दोन ठिकाणी. मधे तीस पावलं.
आग चालते, चढते, वारा बघून वळते,
पण मधली तीस पावलं गाळून
दुसरीकडं पुन्हा जन्म घेत नाही.
दोन्हीकडची माती डब्यांत भरली, झाकणं दाबली, लाख ओतली.
वास पंचनाम्यात लिहायचा नसतो.
तो माझ्या मिशीत बसून घरी आला.

मग ऑफिसची पूर्वेची भिंत.
कॅलेंडर होतं तिथं पांढरा चौकोन,
घड्याळ होतं तिथं पांढरा गोल.
आगीत जे टांगलेलं असतं
ते आपल्यामागची भिंत झाकून मरतं.
दोघांच्या मधे, जरा वर, एक खिळा.
त्याच्याखाली काजळी सलग, एकसारखी.
काच नाही, चौकटीचा कोळसा नाही,
फक्त उदबत्तीचं पितळी घर, मान टाकलेलं.

"इथं काय होतं?"
इरण्णानं टॉवेल खाली घेतला.
"मार्कंडेय. पद्मशाल्याचा कारखाना, साहेब,
दुसरं काय असणार?"

गहाळ वस्तूंच्या रकान्यात
अकरा मोटारी लिहून झाल्या होत्या.
पेन तिथंच थांबलं.

संध्याकाळी विडी घरकुलात
जॉबर नरसय्या येमूलच्या घरी.
बायकोच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता.
चाळीसच्या बल्बाखाली मार्कंडेय,
काचेच्या वरच्या कडेला अठरा वर्षांची कापसाची लव.
काजळी नाही.

"फ्रेम बदलायला आणलो होतो, सायेब."
कधी?
त्यानं बोटांवर मोजलं, मधेच चुकला, परत मोजलं.
कुणी सांगितलं आणायला?
तिची कात्री थांबली.
दोघं तेलुगूत काहीतरी बोलली, अगदी थोडं.
मला तेलुगूचे पाच शब्द येतात,
त्यातला एकही नव्हता.

चौकट जुनीच होती, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला.
भिंतीत खिळा ठोकलेला नव्हता.
देव पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला,
उद्या परवा परत न्यायचा असल्यासारखा.
"लूम चालू होतील ना, सायेब?" नरसय्यानं विचारलं.
मी घड्याळ बघितलं.

जप्तीला पुन्हा पंच लागले.
इरण्णा आला, चप्पल उंबऱ्याबाहेर काढली,
आधी हात जोडले, मग सही.

गुंडाळायला काही मिळेल का, म्हणालो.
तिनं ट्रंकेतून टॉवेल काढून दिला,
कोरा, घडी न मोडलेला, मोराचा छाप,
लेबलावर लॉट नंबर.
रजिस्टरातला तो आकडा मला पाठ होता.
जळून खाक, असं त्याच्यापुढं मालकांनी लिहिलंय.

तिला कळलं की नाही, माहीत नाही.
मुद्देमाल क्रमांक नऊ, तसबीर एक, काचेसह, असं लिहिलं.
टॉवेलाचं लिहिलं नाही.
अजून तरी.