सदरा

घंटा वाजली की दोमाझिर
कातडं तसंच हौदात सोडून निघतो.
हातांना ओकच्या सालीचा वास,
एकाच बुटाची नाडी बांधलेली.
ओंडक्यांचा रस्ता त्याच्याखाली धडधडतो.

संध्याकाळी परततो, सदऱ्याचा गळा फाटलेला.
"राजपुत्राला वाट दाखवली," म्हणतो,
"म्हटलं जा, आम्हांला नकोस."
तू काय बोललास?
"ओरडलो."
काय ओरडलास?
जरा आठवून बघतो.
"शेजारी झाविद ओरडत होता तेच."
मग पुलावर त्याच झाविदला
वोल्खोवमध्ये ढकलणाऱ्यांत हाही होता,
आणि बाहेर ओढणाऱ्यांतही.

मला तिथं कोणी विचारत नाही.
मी दिव्याशी बसून गळा शिवते,
दुहेरी टाका, मेण लावलेला दोरा,
पुढच्या सभेला टिकावा म्हणून.
नगराच्या कारभारात माझा एवढाच हात.

त्या हिवाळ्यात घंटा उतरवली.
मॉस्कोची माणसं, मॉस्कोचे घोडे, बर्फावरची गाडी.
तिची जीभ दोरीनं आवळली होती,
तरी खाचेत धक्का बसला की
एकदा ठण्ण व्हायचं,
आणि दारादारांतून माणसं
सवयीनं बाहेर यायची.
एकानं तर टोपीही घातली होती.

आता दोमाझिर दिवसभर हौदापाशी.
कातडी वेळेवर तयार होतात.
सदऱ्याचा गळा तीन वर्षं शाबूत.

काल धुताना मीच
एक टाका उसवून ठेवला.
बघू,
त्याच्या लक्षात येतं का.