सोमवार, उद्यमनगर बंद

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
लेथ झाकलेला, मी घरात,
आणि मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा.
त्यात केतकी, बंगळूरहून:
"बाबा, बटर करपवायचं नाही, ब्राऊन करायचं.
हेजलनटच्या रंगावर."

हेजलनट मी बघितलेलं नाही.
लोणी गंगावेशीतलं, म्हशीचं, पांढरंफेक.
आधी तडतडलं, मनगटावर उडालं,
मग फेस, आणि फेसाखाली एकदम गप्प,
कोरड्या बेअरिंगला तेल मिळाल्यासारखं.

तळाशी बेरी धरायला लागली.
गवती. पिवळी. तांबूस.
ह्यो रंग मला ठाऊक होता की!
छिन्नीला पाणी देताना धारेवर चढतो तो.
पुढं जांभळा, मग निळा, मग धार गेली.
तीस वर्षं ह्याच रंगाला
हात आपोआप उठलाय.

उठला.
गॅस बंद, पातेलं परातीतल्या पाण्यात. च्यर्र.
"बाबा, कळलं कसं तुम्हाला?"
"दिसतंय की."

पुढचं सगळं बिघडलं.
गूळ जास्त पडला, गोळ्यांतलं अंतर चुकलं,
बारा कुकीजची मिळून ट्रेभर एकच भाकरी झाली.
पोलादी पट्टी लावून मी ती कापली,
दोन इंची चौकोन,
कडेचे तुकडे रिजेक्ट म्हणून बाजूला.

हिनं रिजेक्टमधलाच एक उचलला,
चावता चावता थांबली.
"बेरी-साखर," म्हणाली,
आणि दुसरा घेतला.

बंगळूरला वास पोचत नाही.
"बाबा," केतकी म्हणतेय,
"कॅमेरा जरा खाली करा ना.
अजून खाली."