दहा किलोच्या खाली

जिनिंगच्या आत काडी ओढायची नाही.
बिडी नाही, स्टो नाही,
मालकाच्या केबिनातली उदबत्तीसुद्धा विजेवरची.
म्हणून आमची चूल पाथरी रस्त्याच्या पलीकडं,
बाभळीखाली, तीन दगडांची,
वाऱ्याकडं पोत्याचा आडोसा.

दिवाळी चार दिवसांवर.
दुपारचं ऊन अजून कानशिलं भाजतं
पण रात्री दहानंतर काट्याच्या लोखंडाला
हात लावला की हात मागं येतो.
कापसाच्या गाड्या फाटकापासून पार पुलापर्यंत.
मी काट्यावरचा माणूस:
भरली गाडी, रिकामी गाडी, मधला फरक,
चिठ्ठी, शिक्का, चला पुढं.

भगुणं खय्यूमभाईचं, बुडाला दोन ठिकाणी चेपलेलं.
तेल तापलं की कांदा, मग लसणाचा आख्खा गड्डा
सालीसकट ठेचून,
टमाटे हातानंच कुस्करून.
चवळी सकाळपासून भिजत असते
ऑइलच्या धुतलेल्या डब्यात.
मग काळं तिखट. मग येसर,
गार पाण्यात कालवलेलं, गुठळी न ठेवता,
आणि एका हातानं ढवळत, ढवळत,
रस्सा जड होऊन पळीला धरेपर्यंत.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, येसर किती?
खय्यूमभाई म्हणाले, माणसं किती?
मी मोजायला लागलो तर म्हणाले,
नको मोजू, मोजली की वाढतेत.

चवळी नसली तर मटकी.
मटकी नसली तर वांगी, शेवग्याच्या शेंगा,
कुणाच्या डब्यातली सकाळची डाळ.
एकदा काहीच नव्हतं तेव्हा
मुंजाजीनं उडदाचे पापड मोडून टाकले,
आणि ती रात्र आम्ही अजून काढतो.

आज धुरपताबाई आल्या.
संध्याकाळपासून ट्रॉलीत, कापसावर बसून होत्या.
पदराच्या गाठीतून मूठभर लवंगी काढली,
म्हणाल्या, बांधावरची हाय, घाला.
खय्यूमभाईनं घातली. चाखली नाही, विचारलं नाही.

मग जो ठसका उठला
तो पुलापर्यंत गेला गाडीगाडीनं.
फाटकावरचा वॉचमन बादली घेऊन पळत आला,
त्याला वाटलं गंजी पेटली.

आदिलाबादचा मल्लेश खाली उतरला,
केबिनमधून चिंचेचा गोळा आणला.
मुंजाजीनं नवरात्रातली उरलेली दोन रताळी
सोलून, चिरून आत सोडली.
गूळ नव्हता. वॉचमनच्या चहाची साखर होती.
रताळं विरघळेपर्यंत कुणी बोललं नाही,
नाकं पुसत राहिले नुसते.

आणि मग ज्वारीच्या भाकरी चुरून, ताटलीत, झाकणात,
एकानं तर हेल्मेटात ताटली ठेवून, मांडीला चटका नको म्हणून.
तिखट होतंच.
पण आता ते घशात थांबत नव्हतं,
खाली जाऊन बसत होतं, शेगडीसारखं.

मल्लेशला कसं करायचं ते लिहून पाहिजे होतं.
मी वजनाची कोरी चिठ्ठी उलटी केली,
चवळी असं लिहिलं, पुढं आकडा सुचेना.
मुंजाजी म्हणाला, थांब, वजनच करू.
भगुणं उचलून त्यानं काट्याच्या मधोमध ठेवलं,
चाळीस टनाच्या काट्यावर.
मी आत जाऊन बघितलं. शून्य.
दहा किलोच्या खाली ह्याला दिसत नाही, मी ओरडलो,
आणि सगळे हसले, मल्लेश तर
काय म्हणालो ते न कळता हसला.

धुरपताबाई हसल्या नाहीत.
बोट चाटून म्हणाल्या,
मंग माझ्या कापसातलं वरचं सात-आठ किलो
आसंच जातंय व्हय?

यंत्राच्या पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.
दहा वर्षं ह्या खुर्चीवर आहे,
हे कुणी विचारलं नव्हतं,
मी पण नाही.

भगुणं परत चुलीवर आणलं.
तळाचं जरा लागलं होतं, खरवडून
पळीभर त्यांच्या ताटलीत वाढलं.
त्यांनी खाल्लं.
ते उत्तर धरलं नाही.